मूषकाचे वाहन

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी चिठ्ठीत लिहिले होते, "या खेपेस काहीतरी उपयोगी लिहा." एरवी वर्षभर या सदरात मी जे लिहितो ते निरुपयोगी असते, असा याचा सरळ अर्थ होतो. परंतु सणासुदीला भांडण नको, म्हणून मी तो काढला नाही. उलट मनात म्हटले, आपल्याला खरोखर ठाऊक असलेली, स्वतःच्या खिशाला चाट लावून शिकलेली अशी एखादी विद्या आहे का? पुष्कळ विचार केल्यावर एकच सापडली. उभ्या मोटारीचे उंदरांपासून रक्षण कसे करावे, ही ती विद्या.

वाचकहो, हसू नका. गणपतीचे वाहन उंदीर, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण खुद्द उंदराचे वाहन कोणते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गेल्या वर्षीच्या आश्विनात त्याचे उत्तर मिळाले. उंदराचे वाहन म्हणजे माझी मोटार. हप्ते मी फेडले, विमा मी भरतो, पेट्रोल मी घालतो आणि मुक्कामाला मात्र ते असतात.

या कथेची सुरुवात उंदरापासून होत नाही, मांजरीपासून होते. पुण्यात आम्ही राहतो त्या इमारतीच्या तळमजल्यावर खांबांमध्ये गाड्या उभ्या करण्याची जागा आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकू तिथे एका करड्या मांजरीला रोज संध्याकाळी वाटीभर दूध घालीत. मांजर दूध पिऊन झाले की माझ्या गाडीच्या बॉनेटवर चढून बसे. सकाळी पाहावे तो धुतलेल्या बॉनेटवर चिखलाची पावले! मी सोसायटीच्या सभेत हा विषय काढला. स्वच्छता, आरोग्य, रंगाला पडणारे ओरखडे अशा मुद्द्यांवर वीस मिनिटे बोललो. ठराव एकमताने मंजूर झाला, म्हणजे काकू सोडून. "पुतण्यासारखा तू, आता तुला काय सांगायचं?" एवढेच त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून वाटी दिसेनाशी झाली. आठवडाभराने मांजरही दिसेनासे झाले. माझे बॉनेट आरशासारखे चमकू लागले. मी खूश होतो.

त्यानंतर दीडेक महिन्याने, कोजागिरी होऊन चार दिवस झाले असतील, पहाटे साडेतीनला आईचा दमा उसळला. एरवीच्या औषधाने उतार पडेना. तिला धरून मी खाली आणले, गाडीत बसवले आणि किल्ली फिरवली. समोरच्या फळीवर तांबडे-पिवळे दिवे दिवाळीच्या माळेसारखे लागले आणि इंजिन काही केल्या धरेना. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. अशा वेळी 108 क्रमांक फिरवून रुग्णवाहिका बोलवावी, हे शहाणपण मला नंतर सुचले. त्या क्षणी मी नुसता किल्लीशी झटत होतो आणि मागच्या सीटवरून आईच्या श्वासाचा आवाज येत होता. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही.

काकूंचा मुलगा दूध टाकायला जातो. तो त्याच वेळी खाली उतरला. त्याने काही विचारले नाही. टेम्पोतले क्रेट भराभर खाली ठेवले, आईला पुढे स्वतःशेजारी बसवले, मला मागे चढवले आणि दहा मिनिटांत आम्ही इस्पितळात होतो. तीन दिवसांनी आई घरी आली. पलंगावर टेकल्यावर तिने पहिले वाक्य उच्चारले ते असे: "त्या मुक्या जिवाचं दूध तू बंद केलंस, आणि मला मात्र दुधाच्या गाडीतून न्यावं लागलं."

यावर काय बोलणार? मी गाडी पाहायला मिस्त्रीला बोलावले.

मिस्त्रीने बॉनेट उघडले आणि कपाळावर हात मारून घेतला. बॉनेटच्या आतल्या बाजूस आवाज आणि उष्णता अडवणारा नमदा असतो, तो लोकर पिंजावी तसा पिंजलेला होता. इंजिनच्या माथ्यावर त्याचेच घरटे केलेले. त्यात नारळाच्या शेंड्या, पिंपळाची पाने, शेंगदाण्याची टरफले आणि कागदाचा भुगा. भुग्यातला एक तुकडा मी उचलून पाहिला. माझेच सदर! रद्दीत टाकलेल्या अंकातले. माझ्या लेखनाचा इतक्या बारकाईने फडशा आजवर एकाही समीक्षकाने पाडलेला नाही. इंजिनला इंधन पुरवणाऱ्या यंत्रणेच्या तीन तारा साफ तुटलेल्या होत्या आणि चाकाजवळच्या ब्रेकच्या एका तारेची वरची साल सोललेली होती. एकूण बिल चौदा हजारांच्या घरात गेले.

"साहेब, तारा तुटल्या म्हणून गाडी सुरू झाली नाही, हे नशीब समजा," मिस्त्री म्हणाला. "पेट्रोलची रबरी नळी कुरतडली असती आणि गाडी सुरू झाली असती, तर तापल्या इंजिनावर पेट्रोल. मग आग." तेव्हापासून गाडीजवळ पेट्रोलचा वास आला, तर मी किल्लीला हात लावीत नाही. वाचकांनीही लावू नये. गाडी ढकलत बाहेर घ्यावी आणि मिस्त्रीला बोलवावे.

आता उंदीर मोटारीच्या तारा का खातो? याचे खरे उत्तर असे की तो खातच नाही. कुरतडतो आणि टाकून देतो. उंदराचे पुढचे चार दात जन्मभर वाढत राहतात. त्यांच्या पुढच्या अंगाला कठीण लुकण असते आणि मागचे अंग त्या मानाने मऊ. त्यामुळे कुरतडताना मागची बाजू आधी झिजते आणि पटाशीसारखी धार आपोआप राहते. न कुरतडेल तर दात वाढून त्याचे तोंडच मिटायचे नाही. तेव्हा कुरतडणे हा त्याचा छंद नाही, तो त्याचा नित्यनेम आहे. तारेच्या वेष्टनात हल्ली सोयाबीनचा अंश असतो, त्याची त्यांना चटक लागते, असा एक तर्क आहे. अमेरिकेत त्यावरून मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांवर दावेही लागले. परंतु सोयाबीनचा संबंध नसलेल्या जुन्या गाड्यांच्या ताराही उंदरांनी सोडलेल्या नव्हत्या. फरक इतकाच की वडिलांच्या फियाटमध्ये तारा मोजून घ्याव्यात इतक्या थोड्या होत्या. आजच्या गाडीत त्यांची लांबी किलोमीटरच्या वर जाते. एक तुटली तरी गाडीचे डोके फिरते.

शिवाय जागा किती सोयीची! संध्याकाळी गाडी आणून उभी करावी, तो इंजिन तासन्‌तास उबदार. वर छप्पर, आत अंधार, मांजराचा पंजा पोहोचणार नाही अशा अरुंद फटी. घरउंदराच्या पिल्लाला आत शिरायला बोटाच्या टोकाएवढे, म्हणजे सहा-सात मिलिमीटरचे भोक पुरते. मोठ्या उंदराला त्याच्या दुप्पट लागते. गाडीच्या पोटाला अशी भोके हवी तितकी असतात. पुण्या-मुंबईकडे गाडीत शिरणारा प्राणी बहुधा घरउंदीर किंवा चपळ चढणारा काळा उंदीर. झाडाखाली गाडी उभी असेल तर खारही शेंड्या आणून घरटे करते. आणि गाडी हलेनाशी झाली, की यांचे भाडेकरूपण पक्के होते. 25 मार्च 2020 पासून टाळेबंदीत गाड्या महिनोनमहिने जागच्या जागी राहिल्या, तेव्हा याचा अनुभव हजारो मोटारवाल्यांनी घेतला. मी कोणत्याही टाळेबंदीविना, केवळ पेट्रोल वाचवण्याच्या सद्‌हेतूने गाडी एकोणीस दिवस हलवली नव्हती.

बातमी इमारतभर पसरली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. आपल्याकडे आजारी माणसाला आणि बिघडलेल्या मोटारीला सल्ला फुकट मिळतो. दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंनी सांगितले, "पानाची तंबाखू पुरचुंडीत बांधून इंजिनपाशी ठेवा." ठेवली. आठवडाभर गाडीला पानपट्टीच्या दुकानाचा वास आला. उंदीर दोन दिवस दबकले आणि तिसऱ्या दिवशी पुरचुंडीसकट संसार पुढे सुरू झाला. सेक्रेटरींनी फिनेल सांगितले. ते इंजिनच्या उष्णतेने एका फेरीत उडून जाते. कोणी कापूर सांगितला, कोणी पुदिन्याचा अर्क, कोणी लाल तिखट. वास आणि तिखटपणा यांचा थोडा उपयोग होतो, नाही असे नाही. एका जपानी मोटार कंपनीने मिरचीतले तिखट सत्त्व लावलेली चिकटपट्टी तारांना गुंडाळण्यासाठी काढलेली आहे, आणि दुरुस्त केलेल्या तारांवर तशी पट्टी गुंडाळणे शहाणपणाचे. पण नुसत्या वासाला उंदीर सरावतो. घरातल्या माणसांच्या बोलण्याला आपण सरावतो तसाच.

डांबराच्या गोळ्यांविषयी मात्र थोडे गंभीरपणे सांगतो. त्या इंजिनपाशी ठेवल्या तर त्यांचा वास हवेच्या वाटेने आत बसणाऱ्यांच्या नाकात जातो. त्यातले नॅफ्थलीन माणसालाही अपायकारक असते. काही लहान मुलांच्या रक्तात एक पाचकद्रव्य जन्मतः कमी असते, अशा मुलांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू लागतात. दम्याच्या आईला नेण्यासाठी ठेवलेल्या गाडीत हा धूर कोंडणे म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. त्या मी ठेवल्या नाहीत.

नंतर भाचा एक यंत्र घेऊन आला. "मामा, यातून असा आवाज निघतो की तो माणसाला ऐकू येत नाही आणि उंदराला सहन होत नाही." माणसाला ऐकू येत नाही हे शंभर टक्के खरे निघाले. दुसऱ्या अर्ध्याविषयी सांगायचे तर, 2001 साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशी यंत्रे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठावर मंडळींना पत्रे धाडली, की तुमच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा असेल तरच ते करा. आमच्या यंत्राचा पुरावा चौथ्या दिवशी मिळाला. त्याचीच तार कुरतडलेली होती.

शेवटी मी विषावर आलो. दुकानदाराने निळसर वड्यांचे पाकीट पुढे केले. पिशवी हातात घेऊन जिना चढत होतो, तो पहिल्या मजल्यावर काकू दारात उभ्या.

"काय आणलंस?"

मी पाकीट दाखवले. सभेनंतर आमचे बोलणे तसे नव्हतेच. इस्पितळाच्या दिवसानंतर मी त्यांचे आभार मानायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी चहा दिला होता आणि दुसरे काही बोलल्या नव्हत्या.

"हे खाऊन तो लगेच मरत नाही," काकू म्हणाल्या. "दोन-चार दिवस गुंगत हिंडतो. तेवढ्यात त्याला मांजरानं धरलं, घुबडानं धरलं, म्हणजे तेही गेलं. मागच्या वाड्यात गव्हाणी घुबडाची जोडी आहे, ठाऊक आहे का तुला? आणि तो तुझ्या गाडीतच मेला तर?"

पहिल्या दोन वाक्यांनी मला लाज वाटली आणि तिसऱ्याने भीती. या विषांपैकी पुष्कळशी रक्त गोठू न देणारी असतात आणि काकू म्हणतात तसा त्यांचा अंमल सावकाश चढतो. हवेच्या नळीत मेलेला उंदीर काढायला सारी फळी उकलावी लागते. पाकीट मी परत केले.

"मग करू काय, काकू?"

"आधी खाली चल," त्या म्हणाल्या. "गाडी कुठं उभी करतोस ते बघू."

आम्ही दोघे खाली आलो. माझ्या गाडीमागे भिंतीशी ओल्या कचऱ्याची दोन पिंपे होती, एकाचे झाकण तुटलेले. बाजूला कबुतरांसाठी कोणी पुण्यवान गृहस्थ रोज बाजरी टाकीत होते. माझ्या डिकीत गणपतीत गावाहून आणलेले सुके खोबरे तसेच राहिले होते, आणि मागच्या सीटखाली चिवड्याचा असा थर होता की त्यावर एखाद्या उंदराची मुंज लागली असती. काकू काही बोलल्या नाहीत. बोलायला हवेच होते असे नाही.

सांगायचे तात्पर्य, उंदराचे औषध बॉनेटखाली नसते, भोवताली असते. पिंपांना झाकणे आली, ती गाड्यांपासून दूर गेली, बाजरी बंद झाली. त्या सभेत मी पाचच मिनिटे बोललो, आणि मागचा ठराव मागे घ्यावा असेही बोललो. गाडी झाडून काढली. दर दोन दिवसांनी ती आता फिरवून आणतो. रात्री तळमजल्यावर एक दिवा जळतो, आणि चार दिवस गावाला जायचे असले तर बॉनेट उघडे टाकून जातो. अंधार आणि आडोसा गेला की उंदराला त्या जागेत राम वाटत नाही. काचेच्या खाली जिथून गाडी आत हवा घेते, तिथे मिस्त्रीकडून बारीक पोलादी जाळी बसवून घेतली. तिची भोके सहा मिलिमीटरपेक्षा लहान हवीत. मात्र गरम होणाऱ्या किंवा फिरणाऱ्या भागांपाशी कापड-बोळा काही कोंबू नये, आग लागेल.

पिंजरा लावायचा तर भिंतीला लगटून लावावा. उंदीर मिशा भिंतीला घाशीत, कडेकडेने चालतो. मोकळ्या जागेतला पिंजरा त्याला दिसतो आणि तो वळसा घालतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्याचे दार बांधून ठेवावे आणि खोबऱ्याचा तुकडा नुसता खाऊ द्यावा. पाहुण्याचा संकोच गेला की दार सोडावे. चिकट पुठ्ठ्याच्या वाटेला जाऊ नये. त्यावर जीव तासन्‌तास तडफडतो, आणि एखाद्या वेळी चिमणीही अडकते. पकडलेला उंदीर मी पहिल्यांदा नदीपलीकडे नेऊन सोडला. तिथे एक गृहस्थ पिशवी झाकून उभे होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले, पिशव्यांकडे पाहिले, आणि काही न बोलता आपापल्या उंदरांची अदलाबदल करून घरी आलो.

घरटे सापडले तर हाताने किंवा झाडूने झाडू नका. उंदराशी आपले वैर जुने आहे. 1896 साली मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगने माणसे कशी मेली, ते आपल्या आजे-पणज्यांनी पाहिले. रोग उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने 1898 साली कराचीत दाखवले. आज प्लेग नसला तरी लेप्टोस्पायरोसिस आहे. उंदराच्या मुतातून तो पाण्यात येतो आणि हातापायांच्या जखमेतून अंगात शिरतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने त्याचा तडाखा सोसला. तेव्हा हातात रबरी मोजे, नाकाला फडके, आणि जंतुनाशकाच्या पाण्याने घरटे आधी ओले करून मग उचलावे. आतली हवा गाळणारी जाळीही काढून पाहावी. बहुतेक गाड्यांत ती डाव्या हाताच्या खणामागे असते आणि उंदरांचे ते आवडते बाळंतिणीचे घर आहे. विम्याचे म्हणाल, तर नुसत्या थर्ड पार्टी विम्यात यातला छदामही मिळत नाही. मोठ्या विम्यात मिळतो की नाही, ते ज्याच्या त्याच्या कागदावर अवलंबून आहे. जर्मनीत मुंगसासारखा एक प्राणी मोटारींच्या तारा तोडतो. तिथे विमा कंपन्यांकडे दरवर्षी दोन लाखांच्या आसपास दावे येतात. आपण निदान कागद वाचून ठेवावा.

राहता राहिली मांजर. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात कचऱ्याच्या एका केंद्रात काही संशोधकांनी 79 दिवस कॅमेरे लावून पाहिले. त्यांचा निबंध 2018 साली प्रसिद्ध झाला. तेवढ्या दिवसांत तिथल्या मांजरांनी मारलेले उंदीर निघाले दोन! मात्र मांजरे वावरत असताना उंदीर बाहेर पडेनासे झाले. मला हे पटते. पोलीस सगळे चोर पकडतो म्हणून आपण त्याला चौकात उभा करीत नाही. एक सावधगिरी तेवढी घ्यावी. थंडीत मांजरही उबेसाठी इंजिनपाशी शिरते, म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात.

काकूंची करडी मांजर पुढच्या गल्लीत सापडली. काकूंनी हाक मारली तेव्हा आली. मी मारली तेव्हा आली नाही. महिनाभर वाटीत दूध मी घातले, तेव्हा कुठे माझ्याकडे पाहू लागली. वर्ष झाले, गाडीची एकही तार तुटलेली नाही. आईला दर महिन्याला दाखवायला नेतो तेव्हा ती मागे बसून विचारते, "थापा मारल्यास ना?" मारल्याशिवाय ती किल्ली फिरवू देत नाही.

परवा दिवाळीसाठी मी गाडी घासून पुसून लख्ख केली. सकाळी उठून पाहतो तो बॉनेटवर पुन्हा चिखलाची चार पावले. फडके घेऊन पुढे झालो, तो वरच्या गॅलरीतून आईचा आवाज आला.

"राहू दे रे. सणाची लक्ष्मीची पावलं कोणी पुसतं का?"

मी फडके खिशात ठेवले.